तीन अंकांचं एक नाटक

एका गावात भिवा नावाचा एक भोळा गडी होता. सांगितलं तेवढंच करायचा, आणि सांगितलं तसंच करायचा.

गावच्या जत्रेत नाटक ठरलं. तिघांनी तीन अंक आपापल्या लॅपटॉपवर लिहिले. लॅपटॉपनं खोडलेलंसुद्धा जपून ठेवलं होतं, कोणी काय बदललं, का बदललं, सगळं. राजाचं काम सरपंचांकडे. मांडव त्यांचा, रुसवाही त्यांचाच. ते रुसले की पुढच्या वर्षी नाटक नाही.

नाटक बसवणाऱ्या मालनताई भिवाला म्हणाल्या, "हे तिन्ही एकत्र कर बघू."

भिवानं तिन्ही लॅपटॉप सुतळीनं बांधले.

"अरे बाबा, वरचं नाही. आतलं एकत्र करायचं असतं."

"बरं ताई. आता तसंच करीन."

दुपारी त्याला नटांचे डबे आणायला पाठवलं. एवढ्या उन्हाचा गेला, डोक्याला टोपीसुद्धा नाही. आणि वाटेत त्यानं आतलं एकत्र केलं. खीर, आमटी, ठेचा, सगळं एका पातेल्यात.

"अरे, मिसळायचं नाही. ज्याचं त्याचं वेगळं ठेवायचं, वर नाव घालायचं, मग एका जागी आणायचं."

"बरं ताई. आता तसंच करीन."

संध्याकाळी म्हणाल्या, "राजा, राणी, प्रधान, तिघांना घेऊन ये."

भिवानं तिघांना धान्याच्या तीन रिकाम्या कणग्यांत बसवलं. वर झाकण, झाकणावर खडूनं नाव. बैलगाडीतून आणलं.

सरपंच मिशीतला भुसा झाडत म्हणाले, "मालनताई, आम्ही राजे आहोत की ज्वारी?"

त्यांना चहा पाजून कसंबसं शांत केलं. मग त्या भिवाला म्हणाल्या, "हे बघ, काही झाकून ठेवत जाऊ नकोस. असेल ते सगळं समोर येऊ दे."

"बरं ताई. आता तसंच करीन."

मग त्यानं तिन्ही अंक एकत्र केले. असेल ते सगळं घेतलं, खोडलेलं आणि सूचनासुद्धा. आणि नाटकाच्या रात्री पडद्याआडून वाक्यं सांगायलाही तोच बसला. सरपंचांना पाठ नव्हतं. भिवा सांगेल ते म्हणायचं, एवढंच त्यांना ठाऊक.

"राजा मरतो," भिवा म्हणाला.

सरपंच मेले.

"हे खोडलं. राजा मरत नाही."

सरपंच उठले.

"इथे आधी घोडा होता, मिळाला नाही म्हणून राणी घेतली."

सरपंचांनी राणीचा हात धरला आणि प्रेमानं तेच म्हटलं. लोक लोळायला लागले. मालनताई पलीकडून हातानं नको नको करत होत्या. भिवाला वाटलं, आवाज वाढव म्हणतायत.

"मालनताईंची सूचना," त्यानं आवाज वाढवला. "राजाला वाक्यं कमी द्या. सरपंचांच्या डोक्यात काही राहत नाही."

सरपंचांनी छाती काढली, मिशीला पीळ दिला, आणि मागच्या रांगेपर्यंत पोचेल असं ते म्हटलं.

टाळ्या पडल्या. म्हणून पुन्हा म्हटलं.