झेंडूचा हार आणि तापलेला प्रोसेसर

नदीकाठच्या एका गावात लग्नामुंजीच्या चित्रणाचे तुकडे जोडून फिल्म बनवून देणारा अच्युत कासार नावाचा एक जण राहत होता. हात चांगला, नजर त्याहून चांगली; पण घाई अशी, की चहा निवायची वाट न पाहता तो रोज जीभ भाजून घ्यायचा. आपल्या संगणकाचा प्रोसेसर त्याने कंपनीने ठरवलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने पळवायला लावला होता. "ओव्हरक्लॉक केलाय," असं तो प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगे. गिऱ्हाइकाला काही कळत नसे, पण ते मान डोलवी.

जास्त पळणारा जास्त तापतो. प्रोसेसर तापू लागला तेव्हा अच्युतने त्यावर मोठा पंखा बसवला. तरी तापला, तेव्हा संगणकाच्या पेटीच्या तोंडाशी आणखी पंखे लावले. वारा आत गेला पाहिजे, एवढंच त्याच्या डोक्यात. पेटीच्या मागे गरम हवा बाहेर टाकणारा एकच पंखा होता, तोही त्याने उलटा करून बसवला. आता सगळेच पंखे वारा आत ढकलू लागले. पेटी पिठाच्या गिरणीसारखी घोंघावे आणि अच्युतला वाटे, आता कसली चिंता!

तो स्वतःही तसाच होता. आलेलं प्रत्येक काम घ्यायचं आणि आलेली प्रत्येक अडचण गिळायची. बायको शालन विचारी, "काही झालंय का?" तो म्हणे, "कुठे काय?"

त्या वर्षी तालमीने त्याला मोठं काम दिलं. गावचे वस्ताद तातोबा थकले होते आणि दसरा झाला की लेकीकडे, दूरच्या शहरात, कायमचे राहायला जाणार होते. त्यांनी घडवलेले पैलवान दसऱ्याला गावोगावहून येणार होते. त्या संध्याकाळी तालमीच्या पटांगणात वस्तादांच्या आयुष्याची फिल्म दाखवायची होती. ती संध्याकाळ हुकली असती, तर वस्ताद आणि त्यांची पोरं पुन्हा एका जागी बसणार नव्हती.

आदल्या दिवशी खंडेनवमी. त्या दिवशी गावात अवजारं पुजून विसाव्याला ठेवतात. सुताराची करवत थांबते, शिंप्याचं मशीन थांबतं. अच्युतनेही संगणकाला हळदकुंकू वाहिलं आणि झेंडूचा घसघशीत हार घातला. पुढून हार बटणावर येत होता, म्हणून त्याने तो पेटीच्या मागे सरकवला. नमस्कार केला आणि लगेच जोडलेले तुकडे एकसंध करून फिल्म पक्की करायला लावली. पूजाही केली आणि कामालाही जुंपलं!

फिल्म निम्मी झाली आणि संगणक फटकन बंद पडला. पुन्हा लावली, पुन्हा तिथेच बंद.  अच्युतने प्रोसेसरवरचा, उष्णता ओढून घेणारा लेप पुसून नवा लावला. घरातला टेबलफॅन आणून पेटीसमोर ठेवला. दसऱ्याची सकाळ उजाडली, दुपार कलली, तरी गाडं निम्म्यापुढे जाईना. पडद्याच्या कोपऱ्यातला तापाचा आकडा चढताना बघून त्यालाच घाम फुटत होता.

तालमीचे अध्यक्ष आबासाहेब यांचा फोन आला. "अच्युत, झालं का रं?"

"झालंच समजा," अच्युत म्हणाला. त्याने घाईने फोन ठेवला.

जिथे गाडं अडतं तिथलंच चित्रण खराब असेल, असं वाटून त्याने तो तुकडा लावून पाहिला. आखाड्यात वस्ताद एका पोराच्या पाठीवर थाप मारत होते. "आरं, छातीत श्वास कोंडून लढतोयस व्हय? आधी सोड की! सोडल्याबिगर नवा मावंल कुठं?"

चित्रणात काहीच खोट नव्हती. त्याने तुकडा परत लावला. परत तेच वाक्य. त्याने तिसऱ्यांदा ऐकलं, आणि यावेळी खरंच ऐकलं. तो उठला आणि पेटीच्या मागे हात घातला. तिथून हवेची झुळूकसुद्धा बाहेर येत नव्हती. पंखा उलटा, आणि त्याच्या जाळीवर झेंडूच्या पाकळ्या ओढल्या जाऊन गच्च चिकटलेल्या.

शालन दारात उभी होती. "काही झालंय का?"

"झालंय," अच्युत म्हणाला, आणि कालपासून गिळलेलं सगळं त्याने सांगून टाकलं. हाराला हात लावताना मात्र तो घुटमळला.

"हार विसाव्यासाठी घालतात," शालन म्हणाली. "विसावा तर तुम्ही दिलाच नाहीत. काढा तो."

त्याने हार काढून देवापुढे ठेवला. जाळी साफ केली, मागचा पंखा सरळ केला आणि प्रोसेसरचा वेग कंपनीने ठरवला होता तितकाच ठेवला. मागून गरम हवेचा झोत बाहेर पडू लागला आणि तापाचा आकडा हळूहळू उतरला. पण काम आता सावकाश चालणार होतं. सूर्य मावळायच्या आत फिल्म होणं शक्यच नव्हतं.

पंखा फिरवणं सोपं होतं. फोन उचलणं फार अवघड गेलं.

"आबासाहेब, मघाशी खोटं बोललो. फिल्म झालेली नाही. आणायला उशीर होईल."

  आबासाहेब म्हणाले, "कालच सांगितलं असतंस तर शिव्या कमी खाल्ल्या असत्यास. आता सोनं वाटून घेतो, मग लेझीम लावतो. पण ये म्हंजे ये!"

सोनं वाटून झालं, लेझीम संपलं, लांबचे पैलवान जायला उठू लागले, तेवढ्यात अच्युत धापा टाकत पटांगणात शिरला. पडदा उजळला. निम्म्यावर वस्ताद पोराला ओरडले, "आधी सोड की!" आणि अख्खं पटांगण हसलं. खुर्चीतले म्हातारे वस्तादही हसले आणि हसता हसता त्यांनी डोळे पुसले.

मागे उभ्या असलेल्या अच्युतने दोन दिवसांत पहिल्यांदा छातीत कोंडलेला श्वास सोडला.

तात्पर्य: यंत्र असो की माणूस, आत नुसतं कोंबत राहिलं की ते तापून बंद पडतं, म्हणून वेग वाढवण्याआधी ताप बाहेर पडायची वाट मोकळी ठेवावी, आणि अडचण गिळण्यापेक्षा वेळीच बोलून टाकावी.