हत्तिणीचे लाडू आणि अस्वलिणीची करवंटी

मुलांनो, सागाच्या एका दाट रानात एक अस्वलीण राहायची. तिच्या डिंकाच्या लाडवांची रानभर ख्याती होती. कोणाच्याही घरी बाळंतीण असली की लाडू हिच्याकडूनच जायचे. मोजायला तिच्याकडे एकच माप होतं, नारळाची गुळगुळीत करवंटी. खारकेची पूड एक करवंटी, किसलेलं खोबरं एक करवंटी, तळून फुलवलेला डिंक एक करवंटी आणि चिरलेला गूळ एक करवंटी. "माझा लाडू आजवर कधी फुटला नाही," असं ती येता-जाता ऐकवायची. आणि ते खरंच होतं, त्यामुळे तिला गप्प कोण करणार?

एकदा हत्तीण बाळंत झाली. पिल्लू धट्टंकट्टं, पण आई अगदीच अशक्त. दूध पुरेना, म्हणून पिल्लू रडून रान डोक्यावर घेई. सगळ्यांनी धावपळ करून लाडवांचं सामान आणलं आणि अस्वलिणीपुढे ढीग घातले. साळिंदर म्हणालं, "मावशी, एवढं सगळं करवंटीने मोजत बसलात, तर पिल्लाला सुळे फुटतील. माझी तागडी घ्या."

अस्वलिणीने करवंटीभर गूळ एका पारड्यात ओतला, दुसऱ्यात एक गोटा ठेवला. पारडी बरोबर झाली. "झालं! एक करवंटी म्हणजे एक गोटा," ती ऐटीत म्हणाली. मग तसलेच टोपलीभर गोटे घेऊन तिने गूळ तोलला, खारीक तोलली, खोबरं तोललं आणि तळून फुलवलेला डिंकही तोलला. डिंक कितीही घाला, पारडं खाली येईना. ढीग साळिंदराच्या नाकापर्यंत आला.

"मावशी, डिंक जरा जास्तच..."

"लाडू तू वळतोस की मी?" अस्वलीण गुरगुरली. साळिंदर अंग चोरून बसलं.

भोपळ्याएवढे लाडू कसेबसे वळून झाले. हत्तिणीने पहिला लाडू सोंडेत धरला मात्र, त्याचा भुगा झाला. भुगा सोंडेत गेला, हत्तीण जोरात शिंकली आणि जमलेले सगळे भुग्याने माखले. माकडाने हसू दाबलं. पिल्लू पुन्हा रडू लागलं. अस्वलिणीला अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"ही तागडीच खोटी!" असं अगदी तिच्या ओठांवर आलं होतं. पण तिने ते गिळलं. तिने करवंटीभर डिंक पंजावर तोलून पाहिला. मग तो ओतून करवंटीभर गूळ घेतला. पंजा झटकन खाली गेला.

"अगं बाई!" ती म्हणाली. "मावतात दोन्ही सारखेच, पण भार कुठे सारखा आहे? गुळाच्या गोट्याने मी डिंक तोलत बसले! डिंक झाला ढीगभर, आणि लाडू बांधायला गूळच पुरला नाही!"

मग तिने एकेका जिन्नसाची करवंटी वेगळी तोलली. गुळाला गोटा, खारकेला त्याहून लहान, खोबऱ्याला आणखी लहान आणि डिंकाला नुसता खडा. जितके गोटे गुळाला, तितकेच खडे डिंकाला. या वेळी लाडू असे घट्ट वळले गेले की एकही फुटला नाही. हत्तिणीने ते पोटभर खाल्ले. थोड्याच दिवसांत तिला भरपूर दूध आलं आणि पिल्लू दूध पिता पिताच झोपी जाऊ लागलं.

माकडाने मात्र एकदा खोडी काढलीच. "मावशी, हे लाडू तुमचेच ना?"

अस्वलीण मान ताठ करून म्हणाली, "माझेच. आणि त्या दिवशी तुझ्या टाळक्यावर उडाला, तो भुगाही माझाच!"

तात्पर्य : एका मापात मावणाऱ्या वस्तू एका वजनाच्या असतीलच असं नाही; आणि ज्याला आपली चूक आपली म्हणून सांगता येते, त्यालाच आपल्या कामाचा अभिमान शोभतो.