परत न गेलेला उन्हाळा

एका राज्यात उन्हाळा आला, आणि परत जायचे विसरला.

चैत्रात आला, वैशाखात तापला, ज्येष्ठात भाजू लागला. इथवर कुणी तक्रार केली नाही. पण आषाढ गेला, श्रावण गेला, तरी ऊन जागचे हलेना. आंब्याला भलत्याच महिन्यात मोहोर आला आणि त्याच दुपारी करपून गेला. मुंग्या अंडी तोंडात धरून वारुळाबाहेर पडत, भिंतीवर चढत, मग थांबत, मग पुन्हा खाली उतरत. विहिरीचा दोर तळहाताला चटके देई. देवळातल्या घंटेला दुपारी कुणी हात लावीना. लोक एकमेकांना विचारीत, "आज महिना कोणता?" दोघांना विचारावे, तर उत्तरे दोन येत.

राज्याचा राजा वज्रकेतू. त्याने दरबार भरवला आणि विचारले, "हे काय होत आहे?"

राजज्योतिषी म्हणाले, "महाराज, सूर्य वाट चुकला आहे."

वृद्ध प्रधान म्हणाले, "महाराज, असे उन्हाळे पूर्वीही होते. लोक विसरतात, इतकेच."

राजपुरोहित म्हणाले, "महाराज, हा शाप आहे. उत्तरेच्या डोंगरावरच्या ताम्राक्ष मांत्रिकाचा."

राजाने तिघांपुढेही मान डोलावली आणि दरबार उठवला. कारण राजाला तिघांचेही पटले होते, आणि त्यामुळे काय करावे ते मुळीच कळले नव्हते.

राजवाड्यात मात्र उन्हाळा नव्हता. मधल्या महालात, संगमरवरी चौथऱ्यावर, राजघराण्याचा शीतमणी होता. राजाच्या आजोबांनी तो कुठूनसा आणला होता. त्यावर ओले चंदन घासले की तो जागा होई आणि महालात गारवा सोडी. बाहेर जितके तापे, तितके चंदन जास्त घासले जाई, आणि ते दरसाल वाढतच चालले होते. त्या चौथऱ्याशेजारीच राजपुत्र नीहारचा पाळणा होता. नीहार याच लांबलेल्या उन्हाळ्यात जन्मला होता. एकदा दाईने त्याला अंगणात नेले, तर लेकराने डोळे मिटले, मान टाकली. तेव्हापासून त्याला उंबऱ्याबाहेर कुणी नेले नव्हते.

राणी वसुमती सज्जात उभी राही. हात बाहेर काढला की भाजे, आत घेतला की काकडे. खाली रस्त्यात माणसे भिंतींना चिकटून, बोटभर सावलीतून चालत. ती पाहत राही आणि तिला काही उलगडत नसे.

एके सकाळी ती राजाला म्हणाली, "महाराज, तिघांतले खरे कुणाचे?"

"तिघांचेही खरे वाटते."

"मग तिघांचेही खोटे असू शकते. मी ताम्राक्षाला विचारून येते. शाप त्याचा असेल तर त्याच्या पाया पडेन."

"आणि नसेल तर?"

"तर मला ठाऊक नाही," राणी म्हणाली, आणि निघाली.

वाटेत एका वाळलेल्या बाभळीवर पावशा पक्षी बसला होता. राणीला पाहून तो माणसासारखा बोलला.

"राणी, आज महिना कोणता?"

"मीच कुणाला तरी विचारणार होते. पण तू विचारावेस? तुझ्या हाकेवर तर शेतकरी पेरतो."

"म्हणूनच विचारतो. मला वाऱ्याचा वास आला. 'पेरते व्हा, पेरते व्हा,' मी ओरडलो. लोकांनी पेरले. बी मातीतच भाजले. लोकांनी मला दगड मारले, आणि त्यांचे बरोबर होते. आता तोंड उघडायला भय वाटते. तू कुठे निघालीस?"

"कारण शोधायला."

"मग मी येतो. दोघे मिळून चुकलो, तर एकेकाला दगड कमी लागतील."

पक्षी तिच्या खांद्यावर बसला. सकाळी चालावे, दुपारी खडकाच्या कपारीत बसावे, ऊन कलले की पुन्हा चालावे, असे करीत दोघे डोंगरावर पोहोचले. तिथे ताम्राक्ष बसला होता. त्याची दाढी तांब्याच्या तारांची होती आणि ती तापून लाल झाली होती. तो पळसाच्या पानाने वारा घेत होता.

राणीने नमस्कार केला. "महाराज, आमच्या राज्यावरचा शाप मागे घ्यावा."

"शाप? बाई, मीच इथे होरपळतो आहे. शाप देणारा स्वतः त्यात कशाला बसेल?"

"मग हे कुणी केले?"

ताम्राक्षाने हातातले पान खाली ठेवले. "सांगितलेले उत्तर तू मानणार नाहीस. शोधलेले मानशील. तीन वस्तू मिळव. दवाचा एक थेंब, गार वाऱ्याची एक झुळूक, आणि ओल्या मातीची एक मूठ. तुझ्या राज्याच्या सीमेत अजून या तिन्ही आहेत. जिथे मिळतील तिथे थांब आणि आजूबाजूला बघ."

राणी डोंगर उतरली. आधी दव शोधू लागली. कुरणे पाहिली, नदीकाठची लव्हाळी पाहिली. गवताची पाती पहाटेसुद्धा हातात मोडत होती. शेवटी पावशा उंच उडाला, चहूकडे पाहून खाली आला.

"राणी, एकाच ठिकाणी चकाकते आहे. तुमच्या वाड्याची बाहेरची भिंत."

राणी गेली. खरेच, भिंतीच्या दगडांवर दव होते. तिने शिंपल्यात एक थेंब घेतला. "सगळ्या राज्यात नाही, आणि इथे कसे?"

"मला विचारू नकोस," पावशा म्हणाला. "मी चुकतो."

मग झुळूक. पण वारा दिसावा कसा? राणीने रुईचे बोंड फोडले आणि आतली कापसासारखी म्हातारी हवेत सोडली. पूर्वेच्या टेकडीवरून सोडली, ती पश्चिमेला गेली. राणी पश्चिमेच्या टेकडीवर गेली, तिथून सोडली, ती पूर्वेला गेली. राणी गोंधळली. वारा एकाच दिवशी दोन्हीकडे कसा वाहील? ती म्हातारीमागून धावली. पांढरे तंतू तरंगत तरंगत नगरावर आले आणि वाड्याच्या खिडकीतून आत शिरले. चहूदिशांचा वारा तिथेच चालला होता. त्या खिडकीशी तिने मडके धरले, झुळूक आत येताच तोंड चामड्याने बांधले.

आता माती. कोरड्या तळ्यात लोक खणत होते. राणीही त्यांच्यात उतरली. हात खोल गेला, तरी माती भुकटीच निघाली. पण काठावरच्या वडाची मुळे उघडी पडली होती, ती सगळी एकाच दिशेला वळली होती. राणी त्या दिशेने चालू लागली. चिंचेची मुळे तिकडेच. कडुनिंबाची मुळे तिकडेच. चालता चालता पायाखाली ओळखीच्या फरश्या आल्या. ती मधल्या महालात उभी होती. तिने पहारेकऱ्यांना पाळणा सरकवायला लावला आणि चौथऱ्याजवळची फरशी उचलली. खाली काळीभोर, ओली, गार माती होती, आणि त्या मातीत साऱ्या राज्यातल्या झाडांची मुळे मण्याकडे तोंड करून पडली होती, तहानलेल्या गुरांसारखी.

राणी तिथेच खाली बसली.

राजा धावत आला. "काय झाले?"

"महाराज, हा मणी गारवा करीत नाही. गोळा करतो. आपण इथे चंदन घासतो, आणि तिकडे एक शेत तापते. तापले म्हणून आपण आणखी घासतो. तो कुठला, ते ताम्राक्षालाच ठाऊक असणार. त्याच्या डोंगरावर नेऊ."

प्रधान म्हणाले, "हे अद्याप सिद्ध नाही."

ज्योतिषी म्हणाले, "सूर्याचाही विचार व्हावा."

राजा पाळण्याकडे पाहत होता. "समजा, मणी तिकडे नेला. गारवा पसरायला किती काळ लागेल?"

"ठाऊक नाही."

"तोवर नीहारचे काय? तो बाहेर जगेल?"

"ठाऊक नाही, महाराज."

"तुला कशाचीच खात्री नाही!"

"नाही. पण बाहेरची लेकरे कुणाच्या खात्रीवर भाजत आहेत?"

मुकुट काढून ठेवत राजा म्हणाला, "मणी मी उचलीन. लेकराला तू घे. जायचे तर तिघांनी जायचे."

मणी सोन्याच्या पेटीत ठेवला, तर पेटी थंडीने तडकली. घोड्यावर लादला, तर घोडा बसला. तेव्हा राजाने तो उघड्या ओंजळीत घेतला आणि चालू लागला. वाड्यातून मणी बाहेर पडताच खिडक्यांतून ऊन आत शिरले, आणि दरबारी लोक प्रथमच घामेजले. पावशा वाट दाखवीत पुढे उडाला.

अर्ध्या वाटेवर नीहार रडेनासा झाला. त्याचे अंग कोरडे आणि तापलेले होते, ओठ पांढरे पडले होते. राणीने राजाला हाक मारली. मणी छातीशी घेऊन राजा धावत आला. "हा मणीच लेकराजवळ धरू! थोडा वेळ! मग पुढे जाऊ!"

"तसे करू नका, महाराज," कुणीतरी म्हणाले.

ती धुरपा कुंभारीण होती. तिचे घर वाटेवरच होते. हातात ओले पोते आणि कैरीच्या पन्ह्याची लोटी घेऊन ती उभी होती.

"त्या थंडीने लेकरू आकडेल. माझ्याकडे द्या."

राणीने मूल दिले. धुरपाने त्याला ओल्या पोत्यात सैल गुंडाळले, कांदा फोडून तळपायांना चोळला, बोट पन्ह्यात बुडवून ओठांना लावले. पुन्हा लावले. पुन्हा लावले.

"तुम्हाला हे कसे ठाऊक?" राणीने विचारले.

"माझा थोरला असाच गेला, आईसाहेब. तेव्हा ठाऊक नव्हते. मग शिकले."

राजाने मान खाली घातली. धुरपाने त्याला एक बोल लावला नाही, आणि तेच त्याला सोसेना.

बऱ्याच वेळाने नीहारच्या कपाळावर काहीतरी चमकले. राणी घाबरली. "हे काय?"

"घाम, आईसाहेब. कधी आला नव्हता का?" धुरपा हसली. "घाम आला, म्हणजे अंगाने उन्हाशी बोलणे सुरू केले. आता भिऊ नका."

आणि नीहार मोठ्याने, रागाने रडला. त्या रडण्याने राणीही रडली.

राजा एकटाच पुढे गेला. ऊन कलता कलता तो डोंगरावर पोहोचला. ताम्राक्षाने खडकातली एक खोबण दाखवली. तिच्या कडांवर जुन्या पहारीच्या खुणा होत्या. "तुमच्या आजोबांनी इथून काढला. नेऊ नका म्हणून मी हात जोडले होते."

"ठेवला तर उन्हाळा जाईल?"

"आज नाही जाणार. पण जायची वाट त्याला सापडेल."

राजाने ओंजळ खोबणीत रिती केली. खडक मिटला. काहीच झाले नाही. राजा वाट पाहत उभा राहिला, तरी काहीच झाले नाही. आपण फसलो की काय, असे मनात येऊन तो वळला, तेव्हा पायाखालच्या एका गवताच्या पात्यावर त्याला पाण्याचा थेंब दिसला. तो गुडघ्यांवर बसला आणि पाहतच राहिला.

मग ऋतू हळूहळू आपापल्या जागी आले. कुणी धडपडत आले, कुणी उशिरा आले. एक साल असे गेले की कार्तिकात थंडी पडली आणि माघात पुन्हा लाजून परतली. पण झाडांची मुळे सरळ खाली गेली, तळ्यात ओल आली. वाड्याच्या खिडक्यांवर वाळ्याचे पडदे लागले, जसे नगरातल्या घरांवर होते. नीहार उन्हाने काळाभोर झाला आणि धुरपाच्या चाकाशी चिखलात खेळत मोठा झाला.

उन्हाळा आजही त्या राज्यात येतो, चार महिने राहतो आणि जातो. मणी वाहिल्यामुळे राजा वज्रकेतूचे तळहात मात्र जन्मभर बर्फासारखे गार राहिले. वैद्यांनी पुष्कळ उपाय केले, राजाने एकही घेतला नाही. चैत्र लागला की भरदुपारी तो अनवाणी बाहेर पडे. बांधावर, घाटावर, भट्टीशी, जिथे कुणी ऊन लागून पडले असेल तिथे जाई, आणि काही न बोलता त्याच्या कपाळावर हात ठेवून, त्याचे डोळे उघडेपर्यंत बसून राही.

सांगणाऱ्याचा घसा सुकला, ऐकणाऱ्याने पाणी द्यावे. आणि चालून दमलेल्या या कहाणीने आता सावलीला बसावे.