पद्माबाईंची शाल

"पद्माबाईंमध्ये असं काय आहे आपा, जे माझ्यात नाही?"

खैरुन्निसा आपा मेथी निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

घरच्यांनीच मारहाण केलेल्या, टाकून दिलेल्या लेकरांच्या बाजूनं कोर्टात उभं राहायचं, हे काम जिल्ह्यात आपांनी सुरू केलं. त्यांनी तयार केलेले वीसेक स्वयंसेवक आता ते करत होते. यंदा त्यांच्यातल्या एकाचा भर सभागृहात शाल देऊन सत्कार व्हायचा होता, पेपरात फोटो यायचा होता आणि नाव आपांनी सुचवायचं होतं. सकाळी ते व्हॉट्सॲपच्या गटावर झळकलं. पद्मा वाघचौरे.

ऋजुतानं अंगठा टाकला. मग काढून घेतला. मग रिक्षा पकडली.

"तीन वर्षं मी ढवळगावला एसटीनं जातेय," ती म्हणाली. "बाप समोर दिसला की त्या पोरीची वाचा बसायची. मी न्यायाधीशांना विनंती करून मधे पडदा लावून घेतला. बोलली ती! बाप आत गेला."

"खरंय."

"आणि पद्माबाई? त्यांना कलम म्हणजे कायद्याचं की गुलाबाचं, तेही कळत नाही."

"गुलाबाचं मात्र छान लावते हो."

"हसू नका! एकच केस त्यांची. तीही बंद झाली. बाकी नुसते पिकलेले केस! तुम्हा मोठ्या माणसांचं हेच. वय झालं की घाला शाल."

आपांनी एक पिवळं पान बाजूला टाकलं.

कोर्टात पद्माबाई आल्या, की शिपाईसुद्धा स्टूल पुढं करायचा. अनोळखी पोरं त्यांच्या मांडीवर जाऊन बसायची. ऋजुताला कुणी कधी "बस" म्हटलं नव्हतं. हे काही ती आपांपाशी बोलली नाही. पण शालीपेक्षा तेच जास्त सलत होतं.

तिनं पर्समधून स्वतःचा फोटो काढला आणि थेट मेथीवर ठेवला.

"अजून वेळ आहे. नाव बदला. पेपरात हा द्या."

आपांनी पदराला हात पुसले. फोटो उचलून निरखला.

"छान आलाय. ढवळगावात पेपर येतो?"

"येतो ना. वाचू देत सगळ्यांना!"

"तुला ओळखतील?"

"न ओळखायला काय झालं? दर महिन्याला जाते."

"काय म्हणतील?"

"म्हणतील, अरे, ही तर तीच चष्मेवाली, त्या..."

ऋजुता थांबली.

"बोल की. कुणाच्या घरी येणारी?"

...

पोर आता ढवळगावात आजीकडे राहत होती. नवं गाव, नवी शाळा. तिच्यावर काय गुदरलं, ते तिथं कुणाला ठाऊक नव्हतं. गावाला ऋजुता म्हणजे कसल्याशा सर्व्हेला येणारी ताई. तसं तिनंच सांगून ठेवलं होतं.

आपांनी फोटो पालथा घातला.

पण हेवा असा एका फुंकरीनं विझत नाही.

"मग पद्माबाईंचा फोटो कसा चालतो?" ती फणकारली. "त्यांच्या लेकराचं घर नाही का कुणाला कळणार?"

आपांनी मेथी पुन्हा पुढं ओढली.

"केस बंद झाली म्हणालीस... का झाली, ते विचारलंस कधी तिला?"

"विरुद्ध गेला असेल निकाल."

"निकाल लागायला लेकरू जगावं लागतं, बेटा."

...

ऋजुता इतका वेळ उभीच होती. ती खाली बसली. काही तरी करायचं म्हणून तिनं मेथीची एक काडी उचलली. तिला ती निवडता येईना.

"मग... मग त्या शाल घेताहेत तरी कशा?"

"घेत कुठं होती! चार दिवस नुसती नाही नाही करत होती. शेवटी मीच तिचे हात धरले. म्हटलं, घे पद्मा. आणि दुआ कर... आमच्या ऋजुताला ही शाल कधी न मिळो."