म्हादबानं चटणी मोबाइलवर चढवली

एका गावात एक भोळा नवरा होता. भोळेपणाचं सोंग आणणारे नवरे गावोगाव सापडतात, पण हा खरोखरीचा भोळा. नाव म्हादबा. एकदा बायको पाण्याला जाताना म्हणाली, "जरा दाराकडं बघा." ती परत आली तेव्हा म्हैस घरात शिरून सगळं पीठ खाऊन बसली होती आणि म्हादबा दाराकडं बघत होता. दार जागच्या जागी होतं.

त्याची बायको शेवंता. ती हुशार, पण तोंडाची फटकळ. तिचं मसाल्याचं कांडप होतं. उन्हाळा लागला की गावातल्या बायका मिरच्या, धणे, खोबरं, तीळ घेऊन तिच्याकडं यायच्या आणि यंत्राची मुसळं दिवसभर धबाधबा चालायची. प्रत्येक घरची चटणी वेगळी. आपल्या चटणीत काय पडतं आणि किती पडतं, हे सासू सुनेलाही लवकर सांगायची नाही. पण कांडणाऱ्या शेवंताला सांगावंच लागायचं. त्यामुळं साऱ्या गावाची गुपितं शेवंताच्या पोटात होती. मिरच्या ओतायला म्हादबा शेजारीच बसायचा, म्हणून ती त्याच्याही कानांत होती.

मग गावात मोबाइलवर खरेदीचं वेड आलं. बायका बोटानं चटणीचं पाकीट निवडायच्या आणि तिसऱ्या दिवशी मोटारसायकलवरचा माणूस ते दारात आणून द्यायचा. ना भाजणं, ना खोकणं. यंदा चैत्र अर्धा सरला तरी मुसळं उभीच होती. शेवंता तालुक्याला गेली, बचत गटाच्या शिबिरात दोन दिवस बसली, धंदा इंटरनेटवर कसा न्यायचा ते शिकली आणि पुण्याच्या बेंद्रेबाईंशी बोलणं करून आली. या बाई घरगुती वस्तू मोबाइलवर विकायच्या. शनिवारी त्या शेवंताची चटणी बघायला येणार होत्या.

"त्यास्नी चटणी पटली तर आपली मुसळं पुन्हा चालत्याल," शेवंता म्हणाली. "न्हाई पटली तर यंत्र भंगारात घालायचं. तवा आठवडाभर जरा माणसावानी वागा."

"वागतो की," म्हादबा म्हणाला. "पर कसं, ते सांग."

इथंच शेवंता चुकली. तिनं सांगितलं.

"आता धंदा गोडीगुलाबीचा हाय. कुणाचं खाणंपिणं झालं की हसून इचारायचं, समाधान झालं का? पाचापैकी किती गुण देता? आन शेवटाला म्हणायचं, पुन्हा अशीच संधी द्या. मोठ्या मोठ्या कंपन्या आसंच करत्यात."

विसरू नये म्हणून म्हादबानं रुमालाला गाठ मारली.

सोमवारी हिंदुराव पाटलांच्या आईचं तेरावं होतं. म्हादबा पंगतीत वाढायला गेला. जेवणं उरकली. म्हादबा हसतमुखानं पंगतीतून फिरला. "समाधान झालं का? पाचापैकी किती?" कुणी चार दिले, कुणी साडेचार. एकानं आमटीत मीठ कमी म्हणून तीनच दिले. म्हादबा सगळा हिशोब घेऊन हिंदुरावांसमोर उभा राहिला.

"हिंदुराव, लोक खूश हायती. चारच्या वर गुण पडल्यात. पुन्हा अशीच संधी द्या."

हिंदुरावांच्या घरात म्हातारं माणूस आता एकच उरलं होतं. त्यांचे वडील. ते शेजारीच खुर्चीत बसले होते आणि त्यांना ऐकू चांगलं येत होतं.

म्हादबा चप्पल न घालताच घरी आला. शेवंतानं कपाळावर हात मारला.

"अवो, दुखाच्या घरी आसं बोलत्यात व्हय? तिथं मान खाली घालायची, हात जोडायचं आन म्हणायचं, झाल्या गोष्टीबद्दल आम्ही दिलगीर हाय. पुन्हा आसं घडणार न्हाई. गिऱ्हाइकानं तक्रार केली की कंपन्या बी तसंच लिवत्यात."

"आदी सांगायचं न्हाई व्हय," म्हादबा म्हणाला आणि रुमालाला दुसरी गाठ मारली.

मंगळवारी यशोदाकाकूंच्या नातवाचं बारसं होतं. लग्नाला दहा वर्षं झाल्यावर त्या घरात पाळणा हलला होता. बायका पाळणा म्हणत होत्या, घुगऱ्या वाटल्या जात होत्या. म्हादबा आत आला. पाळण्यासमोर उभं राहून त्यानं मान खाली घातली आणि हात जोडले.

"झाल्या गोष्टीबद्दल आम्ही दिलगीर हाय. पुन्हा आसं घडणार न्हाई."

गाणं थांबलं. बाळाच्या बापानं म्हादबाकडं पाहिलं. मग साऱ्या बायकांनी बाळाकडं पाहिलं आणि पुन्हा म्हादबाकडं पाहिलं.

"तू कशापायी रं दिलगीर?" यशोदाकाकूंनी विचारलं.

कंपनीची माणसं याच्यापुढं काय म्हणतात, ते म्हादबानं फोनवर ऐकलेलं होतं. तो म्हणाला, "आम्ही पूर्ण जबाबदारी घेतो."

त्या दिवशी घरी पोचायला त्याला नेहमीच्या वाटेनं जाता आलं नाही. उसातून जावं लागलं.

"देवा!" शेवंता म्हणाली. "अवो, आनंदाच्या घरी त्वांड भरून कौतुक करायचं. म्हणायचं, लई झ्याक! आज एवढं हाय, उद्या धा पटीनं होऊ द्या! घराघरांत पोचू द्या! मोबाइलवर लोकांस्नी काय आवडलं की तसंच म्हणत्यात, आन स्वताबी फुडं धाडत्यात."

तिसरी गाठ.

बुधवारी म्हादबा सदरा टाकायला यशवंत शिंप्याकडं गेला. शिंप्याच्या घरात डोळ्यांची साथ शिरली होती. शिंपी, शिंपीण, म्हातारा आणि पोरगी, चौघं ओसरीवर ओळीनं काळे गॉगल लावून बसले होते. म्हादबानं एवढे गॉगल एका ठिकाणी फक्त लग्नाच्या वरातीत पाहिले होते. प्रसंग आनंदाचा आहे, हे त्यानं लगेच ओळखलं.

"लई झ्याक!" तो ओरडला. "आज चौघं हायसा, उद्या चाळीस होऊ द्या! घराघरांत पोचू द्या!"

"तुमच्या घरात पोचू दे की आदी," शिंपीण चिडून म्हणाली.

"व्हय की," म्हादबा म्हणाला. त्यानं शिंप्याच्या खांद्यावरचा टॉवेल घेतला, तोंड आणि डोळे खसाखसा पुसले आणि घरी जाताना वाटेत भेटेल त्याला पुसायला दिला.

गुरुवारी गावच्या दुकानातले गॉगल संपले. शुक्रवारी शाळेला सुट्टी दिली. शिबिरात शिकवलेल्या सगळ्या गोष्टींत पुढं धाडायची एवढी एकच गोष्ट म्हादबाला बरोबर जमली.

शेवंताही गॉगल लावूनच त्याच्यापुढं उभी राहिली. "आसलं काय दिसलं की जागच्या जागी थोपवायचं! फुडं जाऊ द्यायचं न्हाई. आन वळख न्हाई त्याला आपलं नाव न्हाई, गाव न्हाई, कायबी सांगायचं न्हाई. अनोळखी फोन तर चोराचाच असतोय. ध्यानात ऱ्हाईल?"

म्हादबानं या वेळी दोन गाठी मारल्या.

शनिवार उजाडला. शेवंता परसात चुलीवर मिरच्या भाजत होती. बाईंसमोर ताजी चटणी कांडून दाखवायची होती. अकराच्या सुमाराला घरात फोन वाजला. म्हादबानं उचलला.

"नमस्कार, मी बेंद्रे. फाट्यावर आलेय. शेवंताबाईंचं कांडप कुठं आहे?"

"कोण शेवंता?" म्हादबा म्हणाला.

"आपण कोण बोलताय?"

"न्हाई सांगत."

"बरं, हे गाव तरी तेच आहे ना?"

"ते तर मुळीच न्हाई सांगायचा."

"अहो, मी चटणी घ्यायला आलेय!"

"चोर आसंच म्हणत्यात," म्हादबा म्हणाला आणि फोन ठेवला. मग तो पळत पारावर गेला. एक बाई मोटारीतून येतेय, तिला काही सांगू नका, असं त्यानं सगळ्यांना बजावलं. थोड्या वेळानं मोटार आली. बेंद्रेबाईंनी काच खाली केली. पारावर सात माणसं काळे गॉगल लावून बसली होती.

"या गावाचं नाव काय हो?"

"आमास्नी म्हाईत न्हाई," सातही जण म्हणाले.

बाई घाबरून परतच जायच्या, पण तेवढ्यात शेवंतानं तव्यावर मिरच्यांचा नवा घाणा टाकला. बाईंना शिंक आली. त्या जराशा पुढं गेल्या, दोन शिंका आल्या. डावीकडं वळल्या तर ठसका लागला. अशा शिंकत खोकत त्या बरोबर शेवंताच्या दारात पोचल्या.

शेवंताला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिनं नवऱ्याला दंडाला धरून परसात नेलं. "ह्या आपल्या बाई हायत्या! ह्यांच्यापासनं कायबी लपवायचं न्हाई. इचारतील ते खरं सांगायचं, मागतील ते उघडून दाखवायचं. हल्लीच्या गिऱ्हाइकाला सगळं दिसाया लागतंय. कळलं?"

रुमालाला जागा उरली नव्हती. म्हादबानं सदऱ्याच्या टोकाला गाठ मारली.

बाईंनी दोन तांबे पाणी प्यायल्यावर मोबाइल तिवईवर उभा केला. "हे मी थेट दाखवतेय हं. आत्ता चार हजार माणसं आपल्याला बघताहेत." शेवंता चहा टाकायला आत गेली. बाई म्हादबाकडं वळल्या. "दादा, प्रत्येक घराची चटणी वेगळी असते म्हणे. असं काय असतं तिच्यात?"

म्हादबानं सदऱ्याची गाठ चाचपली आणि सगळं सांगितलं.

"हिंदुरावांच्या घरात तीळच तीळ घालत्यात, खोबरं नुसतं दावत्यात. यशोदाकाकूंची चटणी लालभडक म्हणून गावात नावाजल्याली, पर त्यात बीट किसून वाळवून घालत्यात. शिंपीण सासऱ्याची चटणी येगळी कांडती, बिनतिखटाची, आन त्यास्नी सांगती, आवंदा मिरचीच गोड निघाली. सरपंचीणबाई म्हणत्यात, आईच्या हातचं माप हाय. माप यशोदाकाकूंचं हाय. इथं बसून चोरून ऐकल्यालं."

चार हजारांत अख्खं गाव होतंच. दहा मिनिटांत आळी भरली. बायका केरसुण्या घेऊन आल्या, सगळ्या काळ्या गॉगलात. चहाचे कप घेऊन शेवंता बाहेर आली आणि दारातच थांबली. आता बाई जाणार आणि गावही जाणार, असं तिला वाटलं.

पण यशोदाकाकू हिंदुरावांच्या बायकोला म्हणाल्या, "तीळ व्हय गं? तरीच म्हणलं, तुझ्या चटणीला एवढी चव कशानं."

"आन तुमचं बीट!" ती म्हणाली. "मी धा वर्सं डोस्कं खाजवतीया."

मग कोण कुणाला विचारतंय याला धरबंध राहिला नाही. शिंपणीच्या सासऱ्यानं तेवढी खरी तिखट चटणी मागितली. केरसुण्या भिंतीला लागल्या. घरोघरून डबे आले, मिरच्या आल्या, दारापुढं रांग लागली. ज्याला त्याला शेजाऱ्याची चटणी कांडून हवी होती. शेवंतानं यंत्र चालू केलं आणि मुसळं धबाधबा पडायला लागली.

बेंद्रेबाईंनी मोबाइलसमोर टाळ्या वाजवल्या. "आता नऊ हजार लोक बघताहेत! शेवंताबाई, माझं ठरलं. दर महिन्याला दोनशे किलो चटणी मी उचलणार."

शेवंतानं गॉगल काढून डोळे पुसले. तिला फार फार बरं वाटलं. लग्नाला बावीस वर्षं झाली होती आणि नवऱ्याच्या हातून काहीतरी चांगलं झालेलं ती आज पहिल्यांदा बघत होती. तिनं त्याच्याकडं कौतुकानं पाहिलं. म्हादबा लाजला.

"दादा, आता शेवटचा प्रश्न," बाई म्हणाल्या. "सगळ्या गावाचं कळलं. तुमच्या घरात, भाकरीबरोबर, शेवंताबाईंच्या हातची ही चटणी कशी लागते?"

शेवंतानं मुसळांच्या आवाजातून खाकरून पाहिलं. हातानं खूण केली. म्हादबा तिच्याकडं बघून मायेनं हसला. काहीएक लपवायचं नाही, हे त्याच्या चांगलं लक्षात होतं.

"आमच्या घरात व्हय?" तो म्हणाला. "आमी पाकिटाची खातो. मोबाइलवरनं मागवतो. ही म्हणती, आपल्या चटणीनं घशाला जाळ लागतोय."

मुसळं तेवढी चालू राहिली. आणि मोबाइलवर भराभर अक्षरं उमटायला लागली. बाईंनी ती मोठ्यानं वाचली.

"लोक विचारताहेत, कुठल्या कंपनीचं पाकीट?"

मागतील ते उघडून दाखवायचं होतं. म्हादबा धावत घरात गेला आणि फळीवरचं पाकीट घेऊन आला. त्यानं ते सदऱ्याच्या बाहीनं पुसलं, मोबाइलसमोर सरळ धरलं आणि नऊ हजार माणसांना नाव नीट वाचता यावं म्हणून हात जराही हलू दिला नाही. मग पाठीमागची किंमतही दाखवली. रांगेतल्या बायकांनी डबे खाली ठेवून आपापले मोबाइल बाहेर काढले.

त्या पाकीटवाल्याला जशी त्या दिवशी फुकटात गिऱ्हाइकं मिळाली, तशी आमच्या शेवंतालाही कधीतरी मिळोत.