चिंबोरीची ओली कानटोपी

एक होती चिंबोरी. चिंबोरी म्हणजे खेकडा. पण ही बोराएवढीच. पाय पुष्कळ, चिमटे दोन.

ती राहायची शिडाच्या होडीत. होडीच्या अगदी पुढच्या टोकाला. तिथे होता नांगराचा कप्पा. हा शेतातला नांगर नव्हे हं! हा समुद्रातला. होडीला एका जागी धरून ठेवणारा.

कप्प्यात नांगर. नांगराची लांब साखळी. आणि कोपऱ्यात चिंबोरीची गादी. गादी म्हणजे बाबलकाकांची जुनी कानटोपी. लाल, लोकरीची, मऊ मऊ. बाबलकाका होडीचे तांडेल. तांडेल म्हणजे होडी चालवणारे.

एकदा काय झालं? मोठी लाट आली. धप्प! कप्प्यात पाणी शिरलं. शिरलं ते शिरलं, जाईचना! कानटोपी भिजली. चिंबोरीची दुपारची झोप बुडाली.

तुम्ही म्हणाल, खेकड्याला पाण्याचं काय एवढं? अहो, पोहायला पाणी हवं. झोपायला नको! तुम्ही झोपता का बादलीत?

चिंबोरी रडली. ऊं ऊं ऊं! चिमट्यांनीच डोळे पुसले. जपून, जपून! मग निघाली. आडवी आडवी, तुरु तुरु.

कप्प्याच्या तळाशी होतं भोक.

"भोकदादा, भोकदादा, पाणी सोड ना!
कानटोपी भिजली. मी झोपू कुठे?"

भोक म्हणालं, "मुं मुं मुं!"

बोलणार कसं? तोंडात चिंध्यांचा बोळा!

आडवी आडवी, तुरु तुरु.

"बोळेबुवा, बोळेबुवा, बाहेर या ना!
भोक पाणी सोडेना.
कानटोपी भिजली. मी झोपू कुठे?"

बोळा म्हणाला, "पच् पच्! येत नाही जा. डोक्यावर साखळी बसलीय. आधी ती उठू दे."

आडवी आडवी, तुरु तुरु.

"साखळीताई, साखळीताई, ऊठ ना!
बोळा बाहेर येईना.
भोक पाणी सोडेना.
कानटोपी भिजली. मी झोपू कुठे?"

साखळी म्हणाली, "खळ खळ! उठत नाही जा. मी एकटी कुठे जात नाही. आधी नांगराला उडी मारू दे."

आडवी आडवी, तुरु तुरु.

"नांगरमामा, नांगरमामा, उडी मार ना!
साखळी उठेना.
बोळा बाहेर येईना.
भोक पाणी सोडेना.
कानटोपी भिजली. मी झोपू कुठे?"

नांगर म्हणाला, "ठण् ठण्! मारत नाही जा. पळत्या होडीतून उडी? आई रागावेल! आधी होडी थांबू दे."

आडवी आडवी, तुरु तुरु.

"होडीआत्या, होडीआत्या, थांब ना!
नांगर उडी मारेना.
साखळी उठेना.
बोळा बाहेर येईना.
भोक पाणी सोडेना.
कानटोपी भिजली. मी झोपू कुठे?"

होडी म्हणाली, "डुलुक डुलुक! थांबत नाही जा. शिडाने पोट फुगवलंय. आधी त्याला पोट आत घेऊ दे."

आडवी आडवी, तुरु तुरु.

"शीडभाऊ, शीडभाऊ, पोट आत घे ना!
होडी थांबेना.
नांगर उडी मारेना.
साखळी उठेना.
बोळा बाहेर येईना.
भोक पाणी सोडेना.
कानटोपी भिजली. मी झोपू कुठे?"

शीड म्हणालं, "फड फड! घेत नाही जा. वारा मला भरवतोय. अजून भूक आहे! आधी वारा थांबू दे."

वारा बसला होता उंच डोलकाठीवर. चिंबोरी चढली. सर सर सर!

"वारेकाका, वारेकाका, थांबा ना!
शीड पोट आत घेईना.
होडी थांबेना.
नांगर उडी मारेना.
साखळी उठेना.
बोळा बाहेर येईना.
भोक पाणी सोडेना.
कानटोपी भिजली. मी झोपू कुठे?"

वारा म्हणाला, "सूं सूं! थांबत नाही जा. बाबलकाका शिट्टी वाजवतायत. त्यांनी बोलवायचं, मी यायचं, असं ठरलंय आमचं. आधी शिट्टी थांबू दे."

चिंबोरी उतरली. सर सर सर!

"बाबलकाका, बाबलकाका, शिट्टी थांबवा ना!
वारा थांबेना.
शीड पोट आत घेईना.
होडी थांबेना.
नांगर उडी मारेना.
साखळी उठेना.
बोळा बाहेर येईना.
भोक पाणी सोडेना.
कानटोपी भिजली. मी झोपू कुठे?"

काका म्हणाले, "फी फी फुर्रर्र! नाय थांबवूचंय, जा. तोंड रिकामा आसा, म्हणान शिट्टी येता. आधी त्येच्यात लाडू पडांदे."

लाडू होते शेवंतीकाकीकडे. ती काकांची बायको. मागे बसली होती. मांडीवर फडक्याची पुरचुंडी. पुरचुंडीत खडखडे लाडू. कडक कडक!

आडवी आडवी, तुरु तुरु.

"शेवंतीकाकी, शेवंतीकाकी, काकांना लाडू दे ना!
काका शिट्टी थांबवेनात.
वारा थांबेना.
शीड पोट आत घेईना.
होडी थांबेना.
नांगर उडी मारेना.
साखळी उठेना.
बोळा बाहेर येईना.
भोक पाणी सोडेना.
कानटोपी भिजली. मी झोपू कुठे?"

काकी म्हणाली, "अगो बाय! देतंय गो. पण ही गाठ सुटना नाय! आधी गाठ सुटांदे."

चिंबोरी गाठीला म्हणाली, "गाठबाई, गाठबाई, सूट ना!"

गाठ गप्प. गाठीला कुठे तोंड असतं? भोकाला असतं.

चिंबोरीने इकडे पाहिलं. तिकडे पाहिलं. आता कुणाला विचारू? पुढे तर नुसता समुद्र!

चिंबोरीला आला राग. "किती जणांना विचारायचं बाई!" तिने चिमटा उघडला.

कट्ट! गाठ तुटली.

मग काय विचारता!

काकीने लाडू काढला. काकांच्या तोंडात घातला. कुडुम कुडुम!
काकांची शिट्टी थांबली.
वारा थांबला.
शिडाने पोट आत घेतलं.
होडी थांबली.
नांगराने उडी मारली. धुडुम!
साखळी उठली. खळ खळ खळ खळ!
बोळा बाहेर आला. फट्ट! उडाला तो थेट काकीच्या मांडीत!

"अगो बाय!" काकी म्हणाली. "ह्यो तर माझोच बोळो! होडयेक भोक दिसला, म्हणान मियाच बुजवलंय. होडी बुडात ना!"

काका म्हणाले, "मुं मुं मुं!" तोंडात लाडू!

मग भोकच बोललं. अगदी स्पष्ट. "काकी, मी फुटकं भोक नाही. मी मोरी आहे, मोरी! आत आलेलं पाणी मीच बाहेर सोडते."

काकीने कपाळावर हात मारला. "मोरी? मगे आधी कित्याक नाय सांगलंस?"

"तोंडात बोळा होता ना!"

आणि पाणी निघालं. गुळ गुळ गुळ गुळ... फुर्रर्र! कप्पा रिकामा.

काकीने कानटोपी पिळली. उन्हात टांगली. टोपी सुकली. मऊ झाली, गरम झाली. चिंबोरी आत शिरली. हुश्श! लगेच झोपली. घुर्र घुर्र.

तेवढ्यात काकांचा लाडू संपला. ओठ गोल झाले. फी...

"श्श्श!" वारा म्हणाला.
"श्श्श!" शीड म्हणालं.
"श्श्श!" होडी म्हणाली.
पाण्याखालून नांगर म्हणाला, "श्श्श! बुड बुड!"

काकीने पटकन दुसरा लाडू घातला. कुडुम.

एवढी मोठी होडी गप्प उभी. का? तर एवढीशी चिंबोरी झोपलीय. ती उठेपर्यंत कुणी हलायचं नाही. काकांनीसुद्धा नाही!

पाणी गेलं समुद्रात. चिंबोरी गेली टोपीत. आणि गोष्ट गेली तुमच्या उशीत.