आक्काची खानावळ आणि जावईबापूंचा ब्लॉग

एका गावात एक भोळा घरजावई राहत होता. भोळा हा सासरच्यांचा शब्द. गावाचा शब्द वेगळा होता, पण तो लिहिण्यासारखा नाही. नाव मात्र भारदस्त होतं, मार्तंडराव.

सासू गोदाआक्का एसटी स्टँडसमोर खानावळ चालवायची. बायको सुवर्णा भाकरी थापायची. आणि मार्तंडराव काय करायचे? जेवायचे. तेही मन लावून, कारण अर्धवट काम त्यांना आवडत नसे.

त्या वर्षी जागेचे मालक बापूसाहेब येऊन सांगून गेले, "आक्का, करार संपला. दिवाळीपतूर नवी अनामत भरा. न्हाईतर जागा मोबाइलच्या दुकानवाल्याला दिली म्हणून समजा."

आक्कानं त्या चुलीपुढं जन्म काढला होता. नवरा गेल्यावर याच खानावळीवर तिनं पोरगी वाढवली, तिचं लग्न केलं आणि वर जावईही पोसला. मालक गेले आणि ती गप्प झाली. आक्का गप्प बसलेली मार्तंडरावांनी कधी पाहिली नव्हती. त्या दुपारी त्यांनी एक भाकरी कमी खाल्ली.

"आक्का, पैसं मी आणतो," ते म्हणाले.

"कुठनं?"

"ब्लॉगातनं."

"कंची एसटी जाती तिथं?" आक्कानं विचारलं.

सुवर्णानं आईला समजावलं. नेटवर आपलं काहीबाही लिहायचं, लोक वाचतात, मग जाहिराती येतात आणि जाहिरातीचे पैसे मिळतात. आक्काचा विश्वास बसला नाही, पण बुडत्या माणसाला विश्वासाची चैन परवडत नाही. सुवर्णानं कानातले मोडून नवऱ्याला मोबाइलवरची शिकवणी लावून दिली. शिकवणीचं नाव 'आज ब्लॉग, उद्या बंगला'. शिकवणारे ब्लॉगसम्राट यशवर्धन सर. बोलताना सरांच्या मागे त्यांचा बंगला दिसायचा. तो ब्लॉगमधून झाला की शिकवणीच्या फीमधून, हे विचारायची सोय नव्हती. प्रश्न विचारायची फी वेगळी होती.

ब्लॉग निघाला. नाव ठेवलं 'आक्काच्या हातची चव'. पहिला लेख पिठल्यावर. तो सुवर्णाच्या पुण्यातल्या मावसभावानं वाचला, म्हणजे वाचकवर्ग तयार झाला.

पहिल्या धड्यात सर म्हणाले, "मित्रांनो, एकदम सगळं देऊ नका. ऐन रंगात आलं की थांबा. उरलेलं पुढच्या भागात. माणूस ओढीनं परत आला पाहिजे!"

मार्तंडराव हे ऐकत होते तेव्हा समोर एसटीचा ड्रायव्हर जेवायला बसला होता. सरांचं म्हणणं त्यांना पटलं. आणि पटलेली गोष्ट ते लगेच करत. त्यांनी ताटात अर्धी भाकरी वाढली, वाटीत दोन चमचे वांग्याचा रस्सा ओतला आणि ड्रायव्हरचा हात तोंडापर्यंत गेला न गेला तोच ताट उचललं.

"आवो! काय झालं?"

"आता उत्कंठा झाली," मार्तंडराव म्हणाले. "वांग्याचं पुढं काय झालं, ते उद्याच्या भागात."

"उद्या मी कोल्हापुरात आसतो!"

"मग तर ओढ लईच लागंल."

ड्रायव्हर ओढीनं समोरच्या हॉटेलात गेला. त्याच्यामागून कंडक्टर गेला, आणि कंडक्टरमागून निम्मी एसटी.

आक्का पळी घेऊन बाहेर आली. "जावईबापू, उपाशी उठवतंय व्हय कुनी मानसाला? आग्रेह करायचा! नको म्हनला तरी वाढायचं, हात आडवा केला तरी वाढायचं! ताट रिकामं दिसता कामा न्हाई!"

मार्तंडरावांना वाईट वाटलं. चूक त्यांना मान्य होती. हातात मोबाइल होताच, तेव्हा सुधारणा तिथूनच सुरू केली. पिठल्याचा लेख त्यांनी मावसभावाला पुन्हा पाठवला. मग थोडा आणखी पाठवला. मावसभावानं लिहिलं, 'वाचला.' मार्तंडरावांनी लिहिलं, 'लाजू नका, अजून एकदा घ्या.' मावसभावानं लिहिलं, 'दाजी, पुरे.' नको म्हणाला तरी वाढायचं, हे आक्कानं बजावलेलं होतं. संध्याकाळपर्यंत मावसभावाच्या मोबाइलमध्ये पिठल्याशिवाय काही उरलं नाही. रात्री त्यानं दाजींचा नंबर कायमचा बंद करून टाकला. वाचकवर्ग संपला.

"तृप्त झाला बिचारा," मार्तंडराव सुवर्णाला म्हणाले.

सुवर्णानं कानाच्या रिकाम्या पाळ्यांना हात लावला आणि पीठ मळायला घेतलं.

दुसरा धडा रविवारी आला. सर गंभीर होते. "मित्रांनो, दुसऱ्याचा माल आपला म्हणून खपवू नका. घेतलात, तर मूळ मालकाचं नाव ठळकपणे द्या. इमानदारी हीच आपली ओळख!" (हा धडा सरांनी दुसऱ्या कुणाच्या तरी शिकवणीतून उचलला होता, पण ते असो.)

रविवार हा आक्काच्या श्रीखंडाचा वार. लांबून लांबून लोक यायचे. त्या दिवशी नेमका चक्का आंबट निघाला, म्हणून आक्कानं मागच्या दारानं डेअरीतून श्रीखंड आणवलं, वर वेलदोडा भुरभुरला आणि काही झालंच नाही अशा चेहऱ्यानं वाढलं. शिक्षकांचं एक कुटुंब जेवायला बसलं होतं. मास्तरांनी बोट चाटलं आणि म्हणाले, "वा आक्का! ही चव बाजारात मिळायची नाही."

मार्तंडराव बाकावर चढले.

"श्रीखंड, सौजन्य नवनाथ डेअरी," त्यांनी खणखणीत आवाजात जाहीर केलं. "वेलदोडा तेवढा आमचा. लोणचं, सौजन्य शेजारच्या इंदूकाकू. बरणी परत द्यायची हाय. पापड, सौजन्य महिला मंडळ, सगळे हक्क त्यांच्याकडं."

मास्तरीणबाईंनी वाटी हळूच बाजूला सारली. आक्काचा चेहरा मिरचीसारखा झाला. गिऱ्हाईक गेल्यावर तिनं जावयाला आत घेतलं.

"स्वयंपाकघरातलं बाहीर बोलत्यात व्हय? हितनं फुडं कुनी काय बी इचारू द्या. कसं केलं, कशानं केलं, तोंडातनं एकच निघालं पायजे. मला म्हाईत न्हाई! कळलं?"

कळलं. मार्तंडरावांनी मोबाइल उघडला.

ब्लॉगवर वाट चुकलेली एक वाचक आली होती. तिनं विचारलं होतं, 'माझी पुरणपोळी लाटताना फुटते. काय करावं?'

मार्तंडरावांनी लिहिलं, 'मला माहीत नाही.'

दुसऱ्यानं विचारलं, 'गुळाचा चहा फाटतो, उपाय सांगा.' उत्तर गेलं, 'मला माहीत नाही.' तिसऱ्यानं गंमत म्हणून विचारलं, 'यंदा निवडणुकीत कोण येणार?' 'मला माहीत नाही.'

आणि इथे एक चमत्कार झाला. नेटवर प्रत्येकाला सगळं माहीत होतं. घरात डाळ शिजेना, पण देश कसा चालवावा हे ठाऊक. अशा ठिकाणी ज्याला काहीच माहीत नाही असा माणूस लोकांनी पहिल्यांदा पाहिला. बाया-माणसं हेलावली. 'किती प्रामाणिक!' 'किती खोल!' 'याला म्हणतात ज्ञानी!' एका प्राध्यापकांनी 'मार्तंडरावांचा नकार' या विषयावर व्याख्यान दिलं. कुणी लग्न करू का विचारी, कुणी नोकरी सोडू का विचारी. मार्तंडराव सगळ्यांना तेच सांगत आणि लोक समाधानानं परत जात. वाचक वाढले, कमेंटींचा ढीग पडला. आक्काच्या हातची चव कुणी विचारत नव्हतं, पण ब्लॉग धो धो चालला.

यशवर्धन सरांनी लगेच आपल्या जाहिरातीत मार्तंडरावांचा फोटो छापला. खाली लिहिलं, 'हे आमच्यामुळे'.

मग तालुक्याहून फोन आला. मसाल्याचे कारखानदार भांगेसाहेब बोलत होते. वर्षभर आपल्या काळ्या मसाल्याची जाहिरात त्या ब्लॉगवर लावायची, सगळे पैसे एकरकमी द्यायचे, असं त्यांच्या मनात होतं. "शुक्रवारी सकाळी येतो. एकदा समोर बसून पान बघतो आणि चेक देतो."

त्या पैशांत अनामत भागून वर चुलीचं धुरांडं नवं झालं असतं. आक्कानं पदर डोळ्यांना लावला. आयुष्यात पहिल्यांदा तिनं जावयाला आधी वाढलं आणि गिऱ्हाईकाला नंतर. मार्तंडराव इतके सुखावले, की पुढचा धडा त्यांनी उभं राहून ऐकला.

"मित्रांनो, सगळ्यात मोठं गुपित," सर म्हणाले. "जुनं कधी टाकू नका! जितकं जुनं, तितकं किमती. तेच काढा, झटका आणि नव्या माणसापुढे ठेवा!"

पटलं. आक्का रोज रात्री उरलेली आमटी ओतून टाकायची. सोमवारची आमटी मार्तंडरावांनी लपवली आणि कट्ट्याखाली जपून ठेवली. गुरुवारी दुपारी बापूसाहेब अनामतीची आठवण करायला आले. मालकाला साधं कसं वाढायचं? मार्तंडरावांनी कट्ट्याखालून पातेलं ओढलं, वरची साय बाजूला झटकली आणि वाटी भरली.

बापूसाहेबांनी भुरका मारला. त्यांचे डोळे बाहेर आले.

"काय हाय ह्ये?"

"सोमवारची हाय," मार्तंडराव अदबीनं म्हणाले. "आतापतूर लई किमती झाली आसंल."

बापूसाहेब मोरीकडे धावले. परत आले ते भिंत धरत. "दिवाळी गेली उडत! उद्या दुपारपतूर पैसं आलं न्हाईत, तर सांजंला सामान रस्त्यावर!"

आक्का तेव्हा ओरडली नाही. ती रडली. रडतच म्हणाली, "जावईबापू, हात जोडते. शिळं ठिवायचं नसतंय. दिस सरला की जे काय आसंल ते काढून टाकायचं, खरकटं आधी काढायचं, भांडं राख लावून घासायचं आन पालथं घालायचं. सकाळी मानूस आला की सगळं लख्ख दिसलं पायजे. एवढं तरी आयका माझं."

आक्काचे अश्रू पाहून मार्तंडरावांचं काळीज तुटलं. उद्या भांगेसाहेब येणार होते. आता मात्र आपल्याकडून कसूर होऊ द्यायची नाही, असं त्यांनी मनाशी ठरवलं. मोबाइल घेऊन ते माजघरात गेले आणि झोपायच्या आधी काम पुरं केलं.

शुक्रवारी सकाळी भांगेसाहेब गाडीतून उतरले. सुवर्णानं सतरंजी झटकून घातली. पैसे मोजून घ्यायला बापूसाहेबही येऊन बसले, पोटावर हात ठेवून. साहेबांनी चेक काढला, गुडघ्यावर ठेवला, पेनाचं टोपण उघडलं.

"तेवढं पान एकदा बघतो," ते म्हणाले आणि मोबाइल उघडला.

त्यांनी मोबाइल डोळ्यांजवळ नेला. मग लांब धरला. मग पुसला.

"अहो, इथे तर काहीच नाही. सगळं पांढरं आहे."

मार्तंडरावांची छाती फुगली. "लख्ख हाय का न्हाई? येक डाग सापडला तर सांगा."

"पण लेख कुठे गेले?"

"शिळं होतं सगळं. काढून टाकलं."

"आणि लोकांच्या त्या हजारो कमेंटी?"

"खरकटं होतं त्ये. आधी त्येच काढलं."

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. चेक खिशात गेला. बापूसाहेब उठले आणि मोबाइलच्या दुकानवाल्याला फोन लावायला बाहेर गेले. सुवर्णा परातीत हात घालून तशीच बसली. आक्का भिंतीला टेकली. शेवटी ती कशीबशी म्हणाली, "जावईबापू... परत आनता येत आसंल की त्ये."

"कशाला येतंय?" मार्तंडराव म्हणाले. त्यांना आक्काची काळजी मिटवायची होती. "आवो, मोबाइल बिचारा कचरत होता. कायमचं काढून टाकू का, परत मिळायचं न्हाई, आसं पुन्ना पुन्ना इचारत होता मला. मी त्याला म्हनलं, तू भिऊ नगंस, आमच्या आक्कांनीच सांगितलंय."